संस्थेकडून कुटुंबाकडे : महाराष्ट्रातील बालसंगोपन आणि समाजकार्यकर्त्याची भूमिका – एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
निराधार बालकांच्या संगोपनाचा इतिहास हा बहुतांशी अनाथाश्रम व बालगृहे यांच्या स्थापनेचा इतिहास म्हणून लिहिला गेला आहे. त्यामुळे संस्थेत दाखल होण्यापूर्वी बालकाचे जे घर होते, ते या इतिहासातून निसटते. दारिद्र्य, आजारपण वा वैधव्य यांमुळे कोलमडलेल्या कुटुंबातील बालकही समाजाच्या लेखी ‘अनाथ’च ठरत आले. प्रस्तुत लेखात संस्थेकडून कुटुंबाकडे झालेल्या वाटचालीचा आणि तीत समाजकार्यकर्त्याने बजावलेल्या भूमिकेचा आढावा घेतला आहे.

आश्रयाचा कालखंड :
१८६३ मध्ये महात्मा जोतीराव फुले व सावित्रीबाई यांनी पुण्यात आपल्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. तेथे जन्मलेल्या यशवंत या बालकास त्यांनी पुढे दत्तक घेतले. १८७५ मध्ये प्रार्थना समाजाच्या पुढाकाराने पंढरपूर येथे अनाथ बालकाश्रम स्थापन झाला. लोकलज्जेने वा उपासमारीने टाकून दिलेल्या अर्भकांचा जीव वाचविणे हेच त्या काळातील तातडीचे कार्य होते. मातेलाच मुलासह उभे राहता यावे, अशी सामाजिक व्यवस्था मात्र अद्याप निर्माण व्हावयाची होती.

कायदा व व्यावसायिक समाजकार्य :
तुरुंग सुधारणाविषयक समितीच्या (१९१९-२०) शिफारशींनंतर प्रांतोप्रांती मुलांविषयीचे कायदे झाले. मुंबई इलाख्यात असा कायदा १९२४ मध्ये संमत झाला आणि १९२७ मध्ये मुंबईत चिल्ड्रन्स एड सोसायटीची स्थापना झाली. या परंपरेतील कायद्यांनी दोन महत्त्वाच्या गोष्टी आणल्या. बालकास संस्थेऐवजी नातेवाईक अथवा ‘योग्य व्यक्ती’च्या स्वाधीन करण्याची तरतूद ही पहिली, तर त्याच्या घरची परिस्थिती पाहून न्यायालयास अहवाल देणारा परिवीक्षा अधिकारी ही दुसरी. या कामासाठी लागणारे शास्त्रशुद्ध शिक्षण १९३६ मध्ये क्लिफर्ड मॅनशार्ट यांच्या नेतृत्वाखाली मुंबईत सुरू झालेल्या सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयाने उपलब्ध करून दिले. हीच संस्था १९४४ पासून टाटा सामाजिक विज्ञान संस्था म्हणून ओळखली जाते. पुण्यात १९६३ मध्ये कर्वे समाजसेवा संस्था स्थापन झाली.

या शिक्षणातून व्यक्तिसहाय्य कार्याची पद्धत रूढ झाली. गृहभेट हे तिचे मुख्य साधन होय. बालक शाळेत का जात नाही, घरातील मिळकत कोणाची, आजी किंवा मामा यांपैकी कोण आधार देऊ शकेल, पालकाचे व्यसन सुटण्याजोगे आहे काय, या प्रश्नांची उत्तरे कार्यालयात बसून मिळत नाहीत. तथापि, कुटुंबाला देण्यासाठी समाजकार्यकर्त्याच्या हाती आर्थिक साहाय्य फारसे नव्हते. त्यामुळे घर टिकविता येण्याजोगे आहे, असे दिसत असतानाही बालगृहाचाच मार्ग सोपा ठरत असे.

प्रतिपालकत्वास मान्यता :
भारताने १९९२ मध्ये बालहक्क संहिता स्वीकारली. बाल न्याय अधिनियम, २००० मध्ये प्रतिपालकत्व, प्रायोजकत्व व अनुरक्षण या संस्थाबाह्य सेवांना स्पष्ट स्थान मिळाले. महाराष्ट्रात २००५ पासून बालसंगोपन योजनेखाली एकपालक कुटुंबांतील व नातेवाइकांकडील बालकांसाठीही अनुदान दिले जाऊ लागले. २०२३ मध्ये ते दरमहा २,२५० रुपये झाले. कोविड साथीत पालक गमावलेल्या बालकांनाही या योजनेचा आधार मिळाला.

२०१५ च्या अधिनियमाने संस्थेत ठेवणे हा शेवटचा उपाय मानला. भावंडांना शक्यतो एकाच प्रतिपालक कुटुंबात ठेवावे, बालकाच्या हितास बाधा येत नसल्यास जन्मदात्या पालकांना भेटू द्यावे आणि बाल कल्याण समितीने दरमहा प्रतिपालक कुटुंबाची पाहणी करावी, असे त्यात नमूद आहे. प्रतिपालकत्व हे दत्तकविधान नव्हे. जन्माच्या घराशी असलेला बालकाचा धागा तुटू न देता दोन कुटुंबांमध्ये दुवा साधणे हे येथे समाजकार्यकर्त्याचे कौशल्य ठरते.

मर्यादा :
२००९ च्या एकात्मिक बाल संरक्षण योजनेने जिल्हा बाल संरक्षण कक्ष निर्माण केले. मात्र शेकडो गावांच्या जिल्ह्यासाठी कक्षाच्या रचनेत सामाजिक कार्यकर्त्यांची पदे दोनच होती. अशा स्थितीत गृहभेटीची जागा कागदपत्रांची पडताळणी घेते, हा धोका उघड आहे. दुसरा प्रश्न अठरा वर्षे पूर्ण झालेल्या युवकांचा आहे. कायद्यात त्यांच्यासाठी अनुरक्षणाची तरतूद असली, तरी निवारा, शिक्षण व रोजगार यांबरोबरच अडचणीच्या वेळी ज्याच्याकडे जाता येईल असा माणूस त्यांना हवा असतो. असे नाते वयाच्या अठराव्या वर्षी अचानक निर्माण करता येत नाही. ते संगोपनकाळातच जोपासावे लागते.

समारोप :
‘या मुलास कोठे ठेवावे?’ या प्रश्नापासून ‘याचे घर कशामुळे मोडले?’ या प्रश्नापर्यंत येण्यास महाराष्ट्राला सुमारे दीड शतक लागले. कायदा व अनुदान यांनी ही वाट मोकळी केली आहे. परंतु केवळ गरिबीपोटी एखादे मूल आईपासून दुरावणार की नाही, याचा निर्णय आजही त्या घराचा उंबरठा ओलांडून, पुरेसा वेळ देऊन तयार केलेल्या अहवालावर अवलंबून आहे. म्हणूनच प्रशिक्षित समाजकार्यकर्त्यांची पदे वाढविणे हा बालहक्काचाच भाग मानला गेला पाहिजे.