कुंपणाविना छावणी: चांदा जिल्ह्यातील बंगाली निर्वासित

१/ माणसांना बांधून ठेवण्यास भिंतच लागते असे नाही, शिधाही पुरतो.

२/ केंद्र सरकारने १९५८ साली दंडकारण्य प्रकल्प हाती घेतला. पश्चिम बंगालमधील निर्वासितांच्या छावण्या रिकाम्या करण्याचे ठरले. नव्या वसाहतीत जाण्यास नकार देणाऱ्यांना सरकारी भत्ता गमवावा लागे.

३/ १९६४ च्या आरंभी पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या. तेथून आलेल्या अनेकांना रायपूरजवळच्या माना छावणीत ठेवण्यात आले. तत्कालीन चांदा जिल्ह्यातही, आजच्या मुलचेरा-चामोर्शी भागात, निर्वासितांची गावे वसली. त्यांत नमःशूद्र बहुसंख्य होते. नदीकाठच्या या शेतकऱ्यांना जंगलाची जमीन मिळाली. पण ते जंगल गोंड-माडियांचे होते. एका विस्थापिताचे पुनर्वसन दुसऱ्याच्या अंगणात झाले.

४/ १९७८ मध्ये दंडकारण्यातील हजारो निर्वासित सुंदरबनातील मरिचझांपी बेटावर जाऊन राहिले. पश्चिम बंगाल सरकारने जानेवारी १९७९ मध्ये बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती उठवली. मायभाषेच्या मुलखातही त्यांना थारा मिळाला नाही.

५/ अमेरिकेत १९८४ साली ह्यूस्टन येथे एका खासगी कंपनीने सरकारी पैशावर स्थलांतरितांचे बंदीगृह चालवण्यास घेतले. तेथे कोंडलेला माणूस हे उत्पन्न होते, आपल्याकडे तो खर्च होता. दोन्हीकडे हिशेब माणसाचा होता, पण मांडणारा दुसराच.

६/ नमःशूद्र पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातीत मोडतात, महाराष्ट्रात नाही. तो खर्च आता नातवंडे फेडत आहेत.