धुळीचा नळ आणि घराचा उंबरठा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात लोखंडात ओतला जाणारा पंप आधी लाकडात घडत असे. आजही पुष्कळदा घडतो. या लाकडी प्रतिरूपाला फौंड्रीत ‘पॅटर्न’ म्हणतात. बीड थंड होताना आकसते, म्हणून पॅटर्न मीटरमागे सुमारे १० मिलिमीटर मोठा ठेवावा लागतो. यंत्रे चार-दोन, माणसे घरचीच; हे काम घरालगतच्या शेडमध्येही मावते. बॅण्डसॉ आणि सँडर यांची धूळही मग त्याच शेडमध्ये राहते.

ती बाहेर नेणाऱ्या नळाचा इतिहास आजच्या धाग्यात पाहू.

एकोणिसाव्या शतकातील शेफील्ड. सुऱ्या-काट्यांना धार लावणारे कामगार दगडाची आणि पोलादाची धूळ श्वासातून घेत. काटे कोरडेच घासणारे तर तिशीच्या आसपास मरत. उपाय ठाऊक होता: दगडाशी पेटी, पेटीला नळ, नळाच्या टोकाला यंत्राच्याच पट्ट्यावर फिरणारा पंखा. तरीही काही कामगारांनी तो मोडून टाकला. माणसे अधिक जगली, तर धंद्यात हात वाढतील आणि मजुरी उतरेल, हे त्यांचे भय फ्रेडरिक एंगेल्सने १८४५ मध्ये नोंदवले. त्यास अज्ञान म्हणून मोकळे होणे मला पटत नाही; तो भुकेचा हिशेब होता. पुढे १८६७ च्या ब्रिटिश कायद्याने असा पंखा बसवायला लावण्याचा अधिकार निरीक्षकांना दिला.

नळातून ओढलेली धूळ टाकायची कोठे? अमेरिकेत मिनियापोलिस येथील वॉशबर्न गिरणीत २ मे १८७८ रोजी पिठाच्या धुळीचा स्फोट होऊन १८ जण मृत्युमुखी पडले. धूळ नुसती घाण नसून दारूगोळाही आहे, हे उघड झाले. १८८५ साली जॉन फिंच यांना तेथे ‘सायक्लोन’चे पेटंट मिळाले. शंकूच्या आकाराच्या या पिंपात हवा भोवऱ्यासारखी फिरते. जड कण भिंतीला घासत खाली उतरतात, हवा वरून निघून जाते.

आजच्या सुतारी शेडमधील रचना याच वंशातील आहे. नळ जस्ती पत्र्याचा असावा, कारण प्लास्टिकच्या नळात घर्षणाने स्थिर वीज साठते. पत्र्याचे तुकडे एकमेकांशी विद्युतदृष्ट्या जोडून अर्थिंग देता येते. जोडताना आत शिरणारे टोक हवेच्या प्रवाहाच्या दिशेने ठेवतात, नाहीतर त्याच्या काठावर भुसा अडतो. शाखा मुख्य नळाला काटकोनात नव्हे, तिरकी मिळवतात. नळ जितका रुंद तितका बरा, हा समज तर हमखास फसवतो: लाकडाचा भुसा तरंगत ठेवण्यास सेकंदाला सुमारे २० मीटर वेग लागतो. पंखा तोच ठेवून नळ फार रुंद केला, की वेग पडतो आणि भुसा आतच बसतो. म्हणून बंद यंत्रांकडील झडपा लावून सारा ओढा चालू यंत्राकडे वळवतात.

आता कायदा. हिंदुस्थानच्या १८८१ च्या पहिल्या कारखाना कायद्याचा भर मुलांच्या कामाचे तास आणि यंत्रांभोवतीचे कुंपण यांवर होता. १९४८ च्या कायद्याचे कलम १४ मात्र नेमके बोलत असे: धूळ ओढणारे साधन धुळीच्या उगमाच्या शक्य तितके जवळ हवे आणि तो उगम शक्य तितका बंदिस्त हवा. शेफील्डची पेटीच ही! पण मूळ कायद्यात कारखाना म्हणजे विजेसारख्या शक्तीवर चालणारी, किमान १० कामगारांची जागा. कलम ८५ नुसार २०२५ पर्यंत राज्य सरकार त्याहून लहान जागांनाही कायदा लावू शकत असे. अपवाद एकच, मालक केवळ कुटुंबीयांच्या मदतीने काम करीत असेल ती जागा.

लाकडाची धूळ माणसाला कर्करोग देते, हा निष्कर्ष आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला. कलम ८५ मधील तो अपवाद त्यापूर्वी ४७ वर्षे लिहिला गेला होता.