मातृदुग्धपर्याय विक्रयसंहिता, आंतरराष्ट्रीय

बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाविषयीची एक आचारसंहिता. अर्भकांसाठीच्या दूधभुकटीच्या विक्रीस मर्यादा घालण्याकरिता जागतिक आरोग्य सभेने ती मे १९८१ मध्ये जिनीव्हा येथे संमत केली.

आशिया-आफ्रिकेतील प्रसूतिगृहांतून कंपन्या भुकटीचे नमुने फुकट वाटीत. परिचारिकांसारखा पोशाख केलेल्या विक्रेत्या मातांना भेटत. नमुना संपेतो आईचे दूध आटू लागे आणि भुकटी विकत घेणे भाग पडे. ती महाग, म्हणून पातळ केली जाई. पाणी बहुधा अशुद्ध आणि बाटली उकळण्यास इंधनाची वानवा. परिणामी अतिसार व कुपोषण बळावे. दोष भुकटीपेक्षा ती खपविण्याच्या रीतीत होता, हे ध्यानात घेतले पाहिजे.

‘वॉर ऑन वाँट’ या ब्रिटिश संस्थेने १९७४ मध्ये यासंबंधी पुस्तिका काढली. तिच्या जर्मन आवृत्तीच्या शीर्षकात नेस्ले या स्विस कंपनीवर अर्भकहत्येचा आरोप असल्याने कंपनीने अब्रुनुकसानीचा दावा लावला. बर्न येथील न्यायालयाने १९७६ मध्ये प्रकाशकांना किरकोळ दंड केला. मात्र विक्रीपद्धतीचा मूलतः फेरविचार करण्यासही कंपनीस सुनावले. खटला जिंकूनही कंपनीची लोकांतील प्रतिमा डागाळलीच. १९७७ मध्ये अमेरिकेत तिच्या मालावर सुरू झालेला बहिष्कार १९८४ मध्ये थांबला व १९८८ मध्ये पुन्हा पुकारला गेला.

संहितेच्या बाजूने ११८ मते पडली. विरोधी मत एकट्या अमेरिकेचे. ती स्वतः बंधनकारक नाही. राष्ट्रीय कायद्यानेच तिला बळ येते. भारताने असा कायदा १९९२ मध्ये केला आणि २००३ मध्ये दुरुस्तीने तो अधिक कडक केला.