मसल कारचे दप्तर : जुन्या अमेरिकन गाडीची किंमत इंजिनात की कागदात?

१/१२
जुन्या अमेरिकन ‘मसल कार’च्या विक्रीच्या जाहिराती वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येते. गाडी किती वेगाने धावते याविषयी त्यांत फारसे काही नसते. ‘इंजिनावरचे क्रमांक जुळतात’, ‘मूळ बिल्ड शीट सोबत आहे’, ‘रंग कारखान्यातलाच आहे’ असे दाखले मात्र ओळीने दिलेले असतात. वेगासाठी जन्मलेली गाडी आज कागदांच्या बळावर का विकली जाते, याविषयी हा धागा.

२/१२
मध्यम आकाराच्या, चारचौघांच्या गाडीत मोठ्या गाडीचे व्ही-८ इंजिन बसवले की झाली मसल कार. या प्रकाराची सुरुवात सामान्यतः १९६४ च्या पॉन्टियॅक जीटीओपासून मानतात. जनरल मोटर्सने मध्यम आकाराच्या गाड्यांच्या इंजिनांना ३३० घनइंचांची मर्यादा घातली होती. पॉन्टियॅकचे मुख्य अभियंते जॉन डीलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पळवाट शोधली. जीटीओ हे नवे मॉडेल न करता, ३८९ घनइंची इंजिन ‘ल मान्स’ गाडीवरील सुमारे २९६ डॉलरचा ऐच्छिक जोड म्हणून द्यायचे! पाच हजार गाड्या खपतील असा अंदाज होता. पहिल्याच वर्षी ३२,४५० खपल्या.

३/१२
हीच पळवाट पुढे संग्राहकांची डोकेदुखी ठरली. जीटीओ स्वतंत्र मॉडेल नसल्यामुळे १९६४ आणि १९६५ च्या गाडीचा ओळखक्रमांक ती जीटीओ आहे की साधी ल मान्स, हे सांगतच नाही. १९७० च्या शेव्हेल एसएस ४५४ चीही तीच गत. तिचे सर्वांत शक्तिशाली ‘एलएस६’ इंजिन ४५० अश्वशक्तीचे होते. पण गाडीच्या क्रमांकात त्याचा मागमूस नाही.

४/१२
हे युग दहा वर्षेही टिकले नाही. तरुण चालकांच्या अपघातांमुळे विमा कंपन्यांनी अशा गाड्यांचे हप्ते भरमसाट वाढवले. १९७० मध्ये स्वच्छ हवेचा कायदा कडक झाला. १९७१ पासून जनरल मोटर्सने शिसेविरहित इंधनाच्या तयारीसाठी इंजिनांचे कॉम्प्रेशन घटवले. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब राष्ट्रांनी तेलाची नाकेबंदी केली, तेव्हा या गाड्यांचा जोर आधीच ओसरला होता.

५/१२
उतरणीच्या या काळातच आजच्या दुर्मिळतेचे मूळ आहे. १९७१ ची प्लिमथ हेमी कुडा पाहा. उघड्या टपाच्या गाडीवर ४२६ घनइंची हेमी इंजिन घ्यायचे, तर मूळ किमतीच्या सुमारे पावपट पैसे जास्त मोजावे लागत, आणि वर विम्याचा भुर्दंड. त्या वर्षी अशा अवघ्या ११ गाड्या बनल्या. त्यांपैकी एकीची बोली २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरवर थांबली. तिच्या काळात तिला गिऱ्हाईक नव्हते, म्हणूनच ती आज इतकी मोलाची आहे.

६/१२
एवढा पैसा दिसला की बनावट मालही येतोच. साध्या शेव्हेलवर एसएसची चिन्हे लावणे, तिच्यात योग्य इंजिन बसवणे हे कुशल कारागिराला अवघड नाही. काही जण असे प्रामाणिकपणे करतात आणि गाडी ‘ट्रिब्यूट’ म्हणजे प्रतिकृती म्हणून विकतात. ती एका शब्दाशिवाय विकली, की फसवणूक होते. १९६९ च्या कॅमॅरोचा तर अख्खा सांगाडा आज परवान्याने नवा बनतो. मग अस्सल ओळखायची कशी?

७/१२
येथे दप्तरखाना कामी येतो. पॉन्टियॅकच्या गाडीनिहाय नोंदी टिकल्या. शुल्क भरून आपल्या गाडीचा मूळ तपशील मागवता येतो. फोर्डच्या १९६७ पासूनच्या नोंदीही उपलब्ध आहेत. परंतु त्याच जनरल मोटर्सच्या शेव्हरोलेच्या, अमेरिकेत विकलेल्या गाड्यांच्या अशा नोंदी राहिल्या नाहीत. कॅनडात नव्या विकल्या गेलेल्या गाड्यांच्या मात्र राहिल्या. दोन जुळ्या शेव्हेल, एक सीमेच्या अल्याड विकलेली, एक पल्याड. आज एकीला साक्षीदार आहे, दुसरीला नाही.

८/१२
दप्तर नसेल तेथे बिल्ड शीट शोधतात. कोणत्या गाडीला कोणते इंजिन, कोणता गिअरबॉक्स, कोणत्या खुर्च्या लावायच्या, याची ही यादी जोडणीच्या रांगेवरील कामगारांसाठी असे. काम झाले की तिचे महत्त्व संपे. कधी ती खुर्चीच्या स्प्रिंगांत अडकून राही, कधी इंधनटाकीच्या वर. अर्धशतकानंतर खुर्ची उसवताना तो पिवळा पडलेला, उंदरांनी कुरतडलेला कागद सापडतो आणि गाडीची किंमत बदलून जाते. कामगाराने तो भावी काळासाठी ठेवला नव्हता, म्हणूनच त्याची साक्ष भरवशाची.

९/१२
कागद नसेल तर धातू वाचावा लागतो. इंजिनाच्या ब्लॉकवर ओतकामाची तारीख असते. गाडी मार्चमध्ये जोडलेली आणि ब्लॉक मे महिन्यात ओतलेला असेल, तर ते तिचे पहिले इंजिन असू शकत नाही. बनावट सनदेत नंतरच्या काळातले पद आढळावे, तशीच ही कालविसंगती. शेव्हरोलेच्या ब्लॉकवर क्रमांक ठोकण्याच्या जागी कारखान्यातील यंत्राच्या बारीक समांतर रेषा असतात. त्या नसतील, तर क्रमांक नंतर ठोकला असावा अशी शंका घेतात.

१०/१२
पण येथे न्याय करताना सावध राहावे लागते. इंजिन उघडून दुरुस्त करताना ब्लॉकचा पृष्ठभाग मशीनवर घासून सपाट करतात. त्यात त्या रेषाही जातात आणि क्रमांकही. शर्यतीत फुटलेले इंजिन हमीच्या काळात विक्रेत्याने बदलून दिलेले असू शकते. म्हणजे जिने आपले काम चोख केले, तीच गाडी आज ‘क्रमांक जुळत नाहीत’ म्हणून स्वस्त ठरते. जिला कोणी फारसे चालवलेच नाही, ती अस्सलतेचा मान मिळवते. पुरावा नसणे हा खोटेपणाचा पुरावा नव्हे.

११/१२
याला एक दिलासा देणारा अपवाद आहे. १९६८ च्या ‘बुलिट’ चित्रपटात स्टीव्ह मॅक्वीन यांनी चालवलेली हिरवी मस्टँग १९७४ मध्ये एका कुटुंबाने विकत घेतली आणि रोजच्या वापरात ठेवली. पुढे ती अनेक वर्षे नुसती उभी होती. जानेवारी २०२० मध्ये फ्लोरिडातील लिलावात ती शुल्कासह ३७ लाख ४० हजार डॉलरला गेली. तिला नवा रंग दिला नव्हता. पोचे, गंज आणि चित्रीकरणासाठी केलेले फेरफार तसेच ठेवले होते. ते पुसले असते, तर तिची साक्षही पुसली गेली असती.

१२/१२
पदव्युत्तर वर्गात साधनचिकित्सा शिकताना आम्हाला वारंवार सांगितले जाते, की कागद कोणी, कशासाठी, कोणासाठी लिहिला हे आधी विचारा. गाडी विकत घेणाऱ्याचे प्रश्नही हेच आहेत. आणि जीर्णोद्धार करणाऱ्या कारागिरासाठी एक जास्तीचा प्रश्न : हा डाग घासून काढण्यापूर्वी त्याचे छायाचित्र घेतले का? रंग पुन्हा देता येतो. खाली दडलेली खडूची खूण एकदा गेली की गेली.

धागा येथे संपतो. शंका, दुरुस्त्या अवश्य कळवा.