खाडीकाठचे ख्रिस्तीजन : सामान्यांच्या श्रद्धेचा भाषिक पुरावा

ठाण्याच्या खाडीच्या पूर्व तीरावर दिघा आहे, आणि पलीकडे साष्टी बेट. आज नवी मुंबईच्या औद्योगिक पट्ट्यात मोडणाऱ्या या गावास २०२४ साली रेल्वे स्थानकही मिळाले. खाडीच्या पलीकडील तीरावर मात्र सोळाव्या शतकापासून एक निराळेच धर्मजीवन घडत आले आहे. इ.स. १५३४ मध्ये गुजरातच्या बहादूरशहाने वसई व साष्टी पोर्तुगीजांच्या स्वाधीन केली. पुढील काही दशकांत फ्रान्सिस्कन व जेझुइट पाद्र्यांनी तेथील कोळी, कुणबी, भंडारी आदी जातींतील अनेकांना कॅथलिक पंथाची दीक्षा दिली. ठाण्यात मासुंदा तलावाकाठी असलेले सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च हे त्या काळाचे ठळक स्मारक होय.

या समाजाचा इतिहास बहुधा पाद्र्यांच्या कागदपत्रांवरून लिहिला गेला. या कागदांत बाप्तिस्म्यांची संख्या आहे, चर्चच्या उत्पन्नाचे आकडे आहेत, निरनिराळ्या संघांमधील हेवेदावेही आहेत. परंतु भात लावणारी वा जाळे विणणारी व्यक्ती संध्याकाळी कोणत्या शब्दांत प्रार्थना करीत होती, हे तेथे क्वचितच आढळते. त्यासाठी निराळ्या साधनांकडे वळणे प्राप्त होते.

पहिले साधन म्हणजे निषेधाज्ञा. गोव्याच्या धर्मन्यायालयाने १७३६ साली काढलेल्या फर्मानात लग्नातील गाणी, हळद, तुळस इत्यादींवर बंदी घातलेली आढळते. फर्मान गोव्यापुरते असले, तरी त्यामागील युक्तिवाद सर्वत्र लागू पडतो. जे कोणी करीतच नाही, ते निषिद्ध ठरविण्याचे कारण पडत नाही. दीक्षेनंतर अनेक पिढ्या लोटल्यावरही हळद लागतच होती, याची साक्ष येथे बंदी घालणाऱ्यांनीच दिली आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती विवाहांत 'उंबराचं पाणी' हा विधी अद्याप आढळतो. त्यातील उंबरास चर्चने कधी स्थान दिले नव्हते, आणि लोकांनीही ते मागितले नाही.

दुसरे व अधिक मोलाचे साधन भाषा. सतराव्या शतकात एका अनामिक पोर्तुगीज मिशनऱ्याने या भागातील बोलीचे व्याकरण लिहिले. कुन्या रिव्हारा यांनी ते १८५८ साली गोव्यात छापविले. ग्रंथनामात तिला 'उत्तरेकडील कोंकणी' म्हटले आहे; तथापि ग्रियर्सन यांच्या भाषा-सर्वेक्षणाच्या सातव्या खंडात (१९०५) ठाणे जिल्ह्यातील बोलींचा विचार मराठीच्या अंतर्गतच केलेला आहे, आणि तेच युक्त होय. याच भागातील ख्रिस्तीजनांसाठी फ्रान्सिस्कु वाझ द गिमरायश यांनी येशूच्या दुःखभोगावर रचलेले पुराण १६५९ साली लिस्बनमध्ये छापले गेले. लिपी रोमन, छंद व घाट देशी. थॉमस स्टीफन्स यांच्या १६१६ च्या 'क्रिस्तपुराणा'पुढे वाङ्मयगुणांत ते उणे ठरते, आणि त्यामुळे अभ्यासकांनी त्याची उपेक्षा केली. ही उपेक्षा अनुचित होय. उपवासकाळात जे घरोघर गाइले गेले, त्याचे मोल केवळ काव्याच्या तराजूवर करता येत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत (१९६२–६५) मिस्सा लॅटिनमध्ये होत असे. म्हणजे निरक्षर भाविकाला कळणारी येशूची कथा वेदीवरून नव्हे, तर ओसरीवरून ऐकू येत होती.

हे ओसरीवरचे धर्मजीवन किती बळकट होते, याची कसोटी लवकरच लागली. १७३७ मध्ये ठाणे व १७३९ च्या मे महिन्यात वसई मराठ्यांनी जिंकली. युरोपीय संन्यासी निघून गेले. मागे राहिलेले धर्मगुरू मुख्यतः गोव्याकडील देशी पाद्री, तेही संख्येने थोडे. राजाश्रय संपला, तरी समाज विखुरला नाही. केवळ भीतीने वा लाभाने धरलेला धर्म अशा वेळी सुटावयास हवा होता. तो सुटला नाही, याचे श्रेय घरातील प्रार्थनेस व गावकीच्या बंधनास द्यावे लागते. पुढे इंग्रजी अमलात पाद्रुआदो आणि प्रोपागांदा या दोन अधिकारांचा कलह दीर्घकाळ चालला. परंतु तो मुख्यतः वरच्यांचा कलह होता.

क्रूसांचा इतिहासही असाच आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगचा उद्भव झाल्यावर साष्टीतील गावठाणांत अनेक क्रूस उभारले गेले. त्यांच्यापुढे जमून शेजारीपाजारी जपमाळ म्हणत. मे महिन्यातील ही प्रथा अनेक गावठाणांत टिकून आहे. गावदेवाच्या रक्षणाची जुनी कल्पना येथे नव्या चिन्हाखाली वावरते, असे कोणी म्हणेल. ते खरेही असेल. परंतु तेवढ्यावरून त्या श्रद्धेस वरवरची ठरविणे म्हणजे फर्मान काढणाऱ्यांचीच दृष्टी स्वीकारणे होय.

शब्दांचा साक्षीपुरावा मात्र सरळ नाही. पाद्री, क्रूस, नाताळ, मिस्सा हे शब्द पोर्तुगीजांतून आले. देव, उपास, पुराण हे येथलेच. यावरून चर्चमधील गोष्टींना परकी नावे व घरातील गोष्टींना देशी, असा नियम बांधण्याचा मोह होतो. 'आगेरा' या शब्दापाशी तो नियम मोडतो. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये नेऊन आशीर्वाद घेण्याच्या या सणाचे नाव शेतवाचक लॅटिन 'आगेर' शब्दाशी सामान्यतः जोडले जाते. सर्वांत देशी कृतीला सर्वांत परके नाव! आज साष्टीतील बहुतेक शेते इमारतींखाली गेली आहेत. जेथे भात उरलेले नाही तेथे लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात, आणि सणाचे नाव तेच राहिले आहे.