विमानतळाबाहेरील वाहनतळ आणि बॉस्टन शहर : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

विमानतळाच्या इतिहासाचा विचार करताना अभ्यासकांचे लक्ष स्वाभाविकपणे धावपट्टी, विमाने आणि प्रवासी यांच्याकडे जाते. प्रवासी निघून गेल्यावर मागे उरलेल्या त्याच्या मोटारीकडे मात्र क्वचितच कोणी पाहते. ही मोटार चार-आठ दिवस एकाच जागी उभी असते; तिला जागा लागते आणि त्या जागेचे भाडे पडते. हे भाडे वाचविण्यासाठी विमानतळापासून काही अंतरावरील वाहनतळावर मोटार ठेवावी आणि तेथून बसने विमानतळ गाठावा, ही पद्धत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत रूढ झाली. प्रवाशाच्या दृष्टीने ही साधी काटकसर होय. प्रस्तुत लेखात तिच्याकडे वेगळ्या बाजूने पाहण्याचा प्रयत्न केला आहे. प्रवाशाने वाचविलेल्या पैशांचा काही भार दुसऱ्या कोणावर तरी पडतो. बॉस्टन शहरात तो विमानतळाला लागून असलेल्या वस्तीवर पडला, आणि त्या वस्तीने तो निमूटपणे सोसला नाही. म्हणून या शहराचा इतिहास विशेष बोलका आहे.

व्यवसायाचा उदय

ऑक्टोबर १९५८ मध्ये पॅन अमेरिकन कंपनीने बोईंग ७०७ जेट विमानांची अटलांटिकपार सेवा सुरू केली. त्यानंतरच्या दशकात अमेरिकेतील विमान प्रवाशांची संख्या झपाट्याने वाढली. त्याच काळात मध्यमवर्ग उपनगरांत स्थिरावला होता आणि उपनगरांतून विमानतळावर येण्याचे साधन म्हणजे स्वतःची मोटार. विमानतळाच्या इमारतीलगतची जमीन मर्यादित व मोलाची; तिच्यावर उभ्या केलेल्या मोटारीचे भाडेही त्या मानाने जास्त. उलट दोन-तीन किलोमीटरवर स्वस्त, मोकळी जमीन उपलब्ध होती. या दोन जमिनींच्या किमतींतील तफावत हेच नव्या व्यवसायाचे भांडवल ठरले. तळाभोवती कुंपण, रात्री दिवे, एक रखवालदार आणि सतत ये-जा करणाऱ्या दोन-चार शटल बसगाड्या एवढ्या सामग्रीवर धंदा उभा राहू शकत होता. प्रवाशाने काही मिनिटे खर्च करावीत आणि त्या बदल्यात पैसे वाचवावेत, असा हा सरळ सौदा होता.

या व्यवसायातील एक आरंभीची कंपनी म्हणजे १९६७ मध्ये सेंट लुईस येथे सुरू झालेली 'पार्क एन फ्लाय'. पुढे क्लीव्हलंड, ह्यूस्टन, बॉस्टन, मेम्फिस आणि सॅन फ्रान्सिस्को येथेही तिचे तळ उभे राहिले. १९६९ मध्ये कंपनीने आपल्या नावाच्या व्यापारचिन्हासाठी अर्ज केला आणि १९७१ मध्ये त्याची नोंदणी झाली. ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथे 'डॉलर पार्क अँड फ्लाय' नावाचा एक स्थानिक प्रतिस्पर्धी होता. १९७८ मध्ये पहिल्या कंपनीने त्याच्यावर दावा दाखल केला. 'मोटार ठेवा आणि उड्डाण करा' एवढाच ज्या शब्दांचा अर्थ, ते शब्द कोणा एकाच्या मालकीचे होऊ शकतात काय, असा हा प्रश्न होता. प्रतिवादीचे म्हणणे असे की, हे नाव सेवेचे निव्वळ वर्णन आहे. कनिष्ठ न्यायालयाने दावेदाराच्या बाजूने निकाल दिला. अपील न्यायालयाने तो फिरविला. नोंदणीचा आधार आपले चिन्ह रद्द होण्यापासून वाचविण्यासाठी घेता येईल, दुसऱ्याला त्याच्या नावापासून रोखण्यासाठी नव्हे, असे त्याचे मत पडले. अखेर ८ जानेवारी १९८५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध एक अशा मतांनी पहिल्या कंपनीच्या बाजूने कौल दिला. न्यायमूर्ती सँड्रा डे ओ'कॉनर यांनी लिहिलेल्या निकालपत्रानुसार, १९४६ च्या लॅनहॅम कायद्याखाली निर्विवाद ठरलेल्या चिन्हाला ते केवळ वर्णनपर आहे या कारणास्तव आव्हान देता येत नाही. न्यायमूर्ती जॉन पॉल स्टीव्हन्स यांनी एकट्याने भिन्नमत नोंदविले. गंमत अशी की, प्रकरण अपील न्यायालयाकडे परत गेल्यावर १९८६ मध्ये त्या न्यायालयाने दोन्ही नावांमुळे ग्राहकांचा घोटाळा होण्याचा संभव नाही असे ठरविले, आणि एवढा मोठा कौल मिळवूनही दावेदाराला पोर्टलंडच्या प्रतिस्पर्ध्याला हटविता आले नाही. व्यापारचिन्हांच्या कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात. इतिहासाच्या अभ्यासकाला त्यातून एवढे निश्चित कळते की, आरंभानंतर दोन दशकांच्या आतच हा धंदा नावासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जाण्याइतका किफायतशीर झाला होता.

विमानतळांचे व्यवस्थापनही स्वस्थ बसले नाही. वाहनतळाचे भाडे हा अमेरिकी विमानतळांच्या, विमानसेवेव्यतिरिक्तच्या, उत्पन्नाचा एक प्रमुख स्रोत आहे. बाहेरच्या तळावर उभी राहिलेली प्रत्येक मोटार त्यांना आपल्या खिशातून गेलेली वाटणे साहजिक होते. काही ठिकाणी बाहेरच्या व्यावसायिकांच्या बसगाड्यांवर प्रवेशशुल्क बसविण्यात आले. त्यांच्या एकूण उत्पन्नाचा ठरावीक हिस्साही मागण्यात आला, आणि त्यावरून खटले झाले. लॉस एंजेलिसने निराळा मार्ग शोधला. तेथील विमानतळ विभागाने १९७५ मध्ये सॅन फर्नांडो खोऱ्यातील व्हॅन नाइज येथून 'फ्लायअवे' बससेवा सुरू केली. प्रवाशाने घराजवळच मोटार ठेवावी आणि मुख्य विमानतळापर्यंतचा गर्दीचा रस्ता बसने पार करावा, अशी ही योजना होती. येथे तळ विमानतळापासून केवळ हटविलेला नव्हता, तर प्रवाशाच्या घराच्या दिशेने बराच पुढे नेलेला होता. हा भेद लक्षात ठेवणे आवश्यक आहे; पुढील विवेचन त्यावरच आधारलेले आहे.

ईस्ट बॉस्टनची वस्ती

बॉस्टनचा लोगन विमानतळ १९२३ पासूनचा. शहराच्या मध्यवर्ती भागापासून तो जेमतेम पाच किलोमीटरवर, बंदराच्या पाण्यात भराव टाकून विस्तारलेला आहे. तिन्ही बाजूंना पाणी आणि चौथ्या बाजूला ईस्ट बॉस्टनची दाट, मुख्यतः इटालियन वंशाच्या कामगारांची वस्ती. विमानतळाला वाढायचे असेल तर समुद्र किंवा ही वस्ती, एवढेच पर्याय होते. त्याने दोन्ही वापरले. फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड यांच्या आराखड्याप्रमाणे घडविलेले वुड आयलंड उद्यान १९६० च्या दशकाच्या अखेरीस विमानतळाच्या विस्तारात नाहीसे झाले. १९६८ मध्ये विस्तारासाठी भरावाची माती वाहणारे ट्रक मॅव्हरिक स्ट्रीटवरून दिवसभर धावू लागले, तेव्हा तेथील स्त्रियांनी मुलांना बाबागाड्यांत घालून रस्ता अडविला. त्या आंदोलनाने ट्रकांना दुसरा मार्ग घेण्यास भाग पाडले. बॉस्टनच्या सामाजिक इतिहासात या 'मॅव्हरिक स्ट्रीटच्या माता' आदराने आठविल्या जातात.

वाहनतळांचा प्रश्न याच पार्श्वभूमीवर समजून घ्यावा लागतो. 'दोन-तीन किलोमीटरवरची स्वस्त, मोकळी जमीन' हे वर्णन सेंट लुईससारख्या ठिकाणी चालून जाते. लोगनपासून दोन किलोमीटरवर मोकळी जमीन नव्हती. तेथे लोकांची घरे, शाळा आणि जुन्या कारखान्यांचे भूखंड होते. अशा भूखंडांवर बाहेरच्या उपनगरांतून आलेल्या मोटारी उभ्या राहू लागल्या. त्यांना नेणाऱ्या-आणणाऱ्या बसगाड्या अरुंद गल्ल्यांतून फिरत. स्वस्त भाड्याचा लाभ उपनगरातील प्रवाशाला, भाड्याची रक्कम तळाच्या मालकाला, आणि धूर व गोंगाट रहिवाशाला अशी ही वाटणी होती.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने या वस्तीच्या हाती एक साधन आले. हवेतील कार्बन मोनॉक्साइडचे प्रमाण कमी करण्याच्या योजनेचा भाग म्हणून १९७५ मध्ये लोगनच्या आवारातील वाहनतळांच्या जागांवर कमाल मर्यादा घालण्यात आली. तिला 'पार्किंग फ्रीझ', म्हणजे वाहनतळांची गोठवणूक, असे नाव पडले. मात्र आवारातील जागा गोठविल्या की मागणी कुंपणाबाहेर सांडणार, हे उघड होते. १९८९ मध्ये राज्य शासनाने नियमांत बदल करून ईस्ट बॉस्टनमधील अशा तळांवरही मर्यादा घातली, आणि वस्तीतील जागा विमानतळाच्या आवारात स्थलांतरित करण्याची मुभा दिली. आवारातील मर्यादेचा आकडा नंतर थोडाथोडा वाढत गेला तो या स्थलांतरामुळे. म्हणजे आकडा वाढला तो वस्तीतून मोटारी काढून घेतल्या म्हणून. केवळ आकडेवारी पाहणाऱ्या अभ्यासकाची येथे फसगत होण्याचा संभव आहे.

या काळातील वाहतूक धोरणावर फ्रेड साल्वुची यांची छाप दिसते. ते १९७० च्या दशकात आणि पुन्हा १९८३ ते १९९१ या काळात मॅसॅच्युसेट्स राज्याचे वाहतूक सचिव होते. त्यापूर्वी त्यांनी महापौरांच्या ईस्ट बॉस्टनमधील कार्यालयात काम केले होते. नकाशावरची गल्ली आणि प्रत्यक्ष गल्ली यांतील अंतर ठाऊक असलेला अधिकारी सचिवपदी असणे ही गोष्ट प्रस्तुत लेखकास कायद्याच्या कलमांइतकीच महत्त्वाची वाटते.

१९८६ मध्ये विमानतळ चालविणाऱ्या मासपोर्ट या सार्वजनिक संस्थेने 'लोगन एक्सप्रेस' ही बससेवा सुरू केली. शहराच्या पश्चिमेस सुमारे तीस किलोमीटरवरील फ्रेमिंगहॅम, दक्षिणेकडील ब्रेनट्री, उत्तरेकडील वोबर्न अशा उपनगरांत तळ उभे राहिले. तेथे मोटार ठेवण्याचे भाडे विमानतळावरील भाड्याहून बरेच कमी होते आणि बस प्रवाशाला थेट विमानतळाच्या दारात सोडत असे. व्हॅन नाइजप्रमाणेच येथेही तळ प्रवाशाच्या घराकडे सरकविलेला होता. ईस्ट बॉस्टनमधील खाजगी तळ आणि फ्रेमिंगहॅमचा सार्वजनिक तळ या दोहोंनाही प्रवासी 'स्वस्त वाहनतळ' असेच म्हणेल. परंतु पहिल्यात मोटार शहर ओलांडून, बोगद्यातून, वस्तीपर्यंत येत असे. दुसऱ्यात ती महामार्गाच्या कडेलाच थांबत असे.

फेऱ्यांचे गणित

गोठवणुकीने एक अनपेक्षित अडचणही निर्माण केली. स्वतःची मोटार विमानतळावर ठेवणारा प्रवासी संपूर्ण प्रवासात दोन फेऱ्या करतो : एक जाताना, एक परतताना. ठेवण्यास जागा नसेल किंवा भाडे परवडत नसेल, तर तो नातेवाइकाला सोडावयास सांगतो. नातेवाईक त्याला सोडून रिकामा परततो आणि आठवड्याने पुन्हा घ्यावयास येतो. अशा रीतीने दोनांच्या चार फेऱ्या होतात. २०१० नंतरच्या दशकात ॲपवर बोलाविल्या जाणाऱ्या टॅक्सींनी हा प्रश्न आणखी तीव्र केला. उभ्या मोटारी मोजून धूर कमी करू पाहणाऱ्या नियमाने धावत्या मोटारी मोजलेल्याच नव्हत्या.

ब्रिटनमधील अनुभवही या संदर्भात विचारात घेण्याजोगा आहे. शहराच्या वेशीवर मोटार ठेवून बसने आत जाण्याची कायमस्वरूपी व्यवस्था ऑक्सफर्ड येथे १९७३ मध्ये सुरू झाली. ती विमानतळासाठी नव्हती. तथापि अशा व्यवस्थेमुळे मोटारींची एकूण वाहतूक कमी होण्याऐवजी वाढते काय, हा प्रश्न ग्रॅहम पार्कहर्स्ट यांनी १९९५ मध्ये उपस्थित केला. पूर्वी घरापासून बसने येणारा माणूस स्वस्त तळाच्या आकर्षणाने अर्धा रस्ता मोटारीने येऊ लागला, तर लाभ कोणाचा? लोगन एक्सप्रेसच्या बाबतीत हा आक्षेप पूर्णतः लागू पडत नाही, कारण सामानासह उपनगरातून येणाऱ्या प्रवाशापुढे पूर्वी सोयीची बस नव्हतीच. तरी तो सर्वस्वी गैरलागू आहे असेही म्हणता येणार नाही.

मासपोर्टने चार फेऱ्यांचा हाच मुद्दा पुढे करून मर्यादा वाढवून मागितली. २०१७ मध्ये राज्य शासनाने ती २१,०८८ वरून २६,०८८ जागांपर्यंत, म्हणजे ५,००० ने, वाढविली. धुराच्या विरोधात केलेला नियम धुराच्याच कारणास्तव शिथिल झाला. युक्तिवाद चुकीचा होता असे म्हणता येत नाही. मात्र त्यामागे वाहनतळाच्या भाड्यावर अवलंबून असलेली संस्था उभी होती, हेही दृष्टिआड करता येत नाही. वस्तीतील गल्ल्यांचा भार हलका करण्यासाठी विमानतळाच्या व्यापारी वाहनांकरिता जुन्या रेल्वेमार्गाच्या जागेवरून वेगळा रस्ता २०१२ मध्येच खुला झाला होता. मॅव्हरिक स्ट्रीटवर बाबागाड्या आडव्या आल्या त्याला तेव्हा चव्वेचाळीस वर्षे झाली होती.

दरम्यान उपनगरांतील तळांवरही मोटारींची दाटी होऊ लागली. फ्रेमिंगहॅम येथे मोकळ्या सपाट तळाच्या जागी बहुमजली वाहनतळ बांधावा लागला. स्वस्त जमिनीच्या शोधात तीस किलोमीटर मागे सरकलेली मोटार तेथेही मजल्यांवर चढली.