प्रकाशाचा चोपदार

पालखी निघाली म्हणजे चोपदार पुढें होऊन गर्दी बाजूस सारतो. हवेंतून जाणाऱ्या प्रत्येक वस्तूपुढेंही असा एक चोपदार असतो. तो म्हणजे ध्वनि. वस्तु येत आहे ही वर्दी ध्वनीच्या वेगानें पुढें जाते आणि हवा वाट देते. जमिनीलगत हा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर असतो. परंतु वस्तूच चोपदाराला मागें टाकूं लागली म्हणजे हवेला वर्दी पोंचत नाहीं. ती एकाएकीं दाबली जाते, तापते, आणि वस्तूपुढें जणूं भिंत उभी राहते. हीच आघातलहर.

ही भिंत मनुष्याला दिसली ती प्रकाशाच्याच साह्यानें. प्राग येथील अध्यापक अर्न्स्ट माख यांच्या सूचनेवरून फ्यूमे बंदरांतील पीटर साल्खर यांनीं १८८६ सालीं विजेच्या ठिणगीच्या क्षणिक उजेडांत धांवत्या गोळीचें छायाचित्र घेतलें. गोळीच्या टोंकाशीं ती लहर स्पष्ट उमटली होती.

पुढें विमानें त्या वेगाजवळ पोंचलीं, तेव्हां त्याची किंमत प्राणांनीं मोजावी लागली. २७ सप्टेंबर १९४६ रोजीं जेफ्री डी हॅविलंड हे वैमानिक थेम्स नदीच्या मुखावर विमान मोडून पडल्यानें मृत्यु पावले. १४ ऑक्टोबर १९४७ रोजीं चक यीगर यांनीं गोळीच्या आकाराच्या ‘एक्स-१’ विमानांतून ध्वनीस मागें टाकलें. भिंत ओलांडली गेली, पण नाहींशी झाली नाहीं. तिचा गडगडाट जमिनीवर पोंचतो, म्हणून अमेरिकेनें १९७३ मध्यें आपल्या भूमीवरून अशा नागरी उड्डाणांस मनाई केली.

दरम्यान १९६० सालीं थिओडोर मेमन यांनीं लेसर सिद्ध केला होता. त्यांतून पुढें एक विचार निघाला. ध्वनि मागें पडतो, तर प्रकाशालाच चोपदार कां नेमूं नये? लेसरचा झोत वाहनाच्या टोंकापुढें एकवटला कीं तेथील हवा क्षणांत तापून विरळ होते. तप्त हवेंत ध्वनि अधिक वेगानें धांवतो. त्यामुळें लहर सौम्य होते व टोंकावरील दाब घटतो. १९९६ सालीं रशियन शास्त्रज्ञांनीं आर्गॉन वायूच्या वेगवान प्रवाहांत स्पंदित लेसरानें हा विरोध घटवून दाखविला.

मात्र जमाखर्च मांडला पाहिजे. लेसरला लागणारी शक्ति आणि यंत्राचें ओझें हीं वाहनानेंच वाहावयाचीं. वांचलेली शक्ति खर्चिलेल्या शक्तीहून अधिक भरली, तरच हा चोपदार चाकरीस ठेवण्याजोगा. ज्या प्रकाशानें भिंत दाखविली, तोच तींतून वाट काढील काय, हें त्या हिशेबावर ठरावयाचें आहे.